पाहणारे दोघे

कार्डाचा कोपरा फाडलेला होता, म्हणजे वाचायच्या आधीच काय ते कळलं. पोस्टमनने ते उंबऱ्याबाहेर उभं राहूनच माझ्या हातात दिलं, आणि आमच्या हिने आतून सांगितलं की तिथेच वाचा, वाचून फाडून टाका आणि मगच घरात या. असं कार्ड घरात ठेवायचं नसतं, ही रीत मलाही ठाऊक आहे. मी मात्र ते फाडलं नाही. कोटाच्या खिशात घातलं, आणि महिना होत आला तरी ते तिथेच आहे. जळगावहून शांताने लिहिलं होतं, तिचं अक्षर थेट बापाच्या वळणाचं. बाबा परवा सकाळी गेले, खोकला फार वाढला होता, तुम्हाला कळवावं असं आई म्हणाली... एवढंच. आई म्हणाली, म्हणजे शांताला स्वतःला तसं वाटलं नव्हतं का? की वाटलं होतं आणि लिहिण्याची पद्धतच तशी? मन खात असलं की माणूस तीन ओळींच्या कार्डातही नाही नाही ते वाचत बसतो.

शांताचे बाबा म्हणजे आमचे भास्करराव, धुळ्यातल्या आमच्या शाळेचे एके काळचे सायन्स मास्तर. मुलं त्यांना नाना म्हणत, मीही नानाच म्हणे, पण अरेतुरेने. तो माझा मित्र होता. इथेही मी त्याला अरेतुरेच करणार आहे, कारण अहोजाहो करायचं काम मागच्या आठवड्यात शाळेच्या शोकसभेत यथासांग उरकलं गेलं आहे. तिथे आमचे चिटणीस, जे वकील आहेत आणि आता चांगलेच थकलेत, नानाला शाळेचं भूषण म्हणाले. भूषण! बारा वर्षांपूर्वी याच चिटणिसांनी याच भूषणाला शाळेबाहेर घालवलं, तेव्हा सभेतले निम्मे लोक हजर होते. सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहून माना खाली घातल्या. मीही घातली. मग चहा झाला.

नाना मूळचा एरंडोलकडचा. वर्गात तो स्वच्छ पुस्तकी मराठी बोले, पण वर्गाचं दार ओढून घेतलं की त्याची अहिराणी सुरू. मी जळगावशेजारच्या मेहरूणचा, ड्रॉइंग मास्तर, वयाने चाळिशीचा पण नोकरीत नवा. माझा ड्रॉइंगचा वर्ग आणि त्याचं विज्ञानाचं कपाट एकाच खोलीत, मधे एक लाकडी पडदा. मधल्या सुट्टीत आम्ही त्या पडद्याच्या त्याच्या बाजूला बसून शेव-मुरमुरे खात असू. एकदा खाऊन झाल्यावर त्याने शेवेचा कागद चुरगाळून फेकला नाही. उजेडाकडे धरला आणि त्यावरच्या तेलाच्या डागाकडे बघत राहिला. मी म्हटलं, आता कागदही खाणार का. तेव्हा त्याने मला पहिल्यांदा तो डाग दाखवला. कोऱ्या कागदावर तेलाचा एक थेंब टाकायचा, तो पसरला की कागद दोन दिव्यांच्या मधे उभा धरायचा. मागचा दिवा ठळक असेल तर डाग उजळ दिसतो, पुढचा ठळक असेल तर काळपट. आणि दोन्ही बाजूंनी सारखा उजेड पडला की डाग दिसेनासा होतो. कुठला दिवा किती उजळतो हे अंदाजाने न सांगता मोजून सांगायची ही युक्ती, आणि तिला खर्च म्हणाल तर तेलाचा एक थेंब. मी रंगारी माणूस, उजेड-सावलीत जन्म काढणारा, पण असा उजेड मी आधी पाहिला नव्हता. त्या दिवसापासून तो मला ‘चितारी’ म्हणू लागला आणि निरीक्षणाला शेजारी बसवू लागला.

निरीक्षणाची त्याची एक अट होती, आणि ती त्याने कधी मोडली नाही. जे पाहिलं ते जागच्या जागी कागदावर लिहायचं, आणि खाली ‘पाहणारे’ असं लिहून दोघांनी सह्या करायच्या. मुलांनासुद्धा तो जोड्या लावून बसवी. मला ते कारकुनी वाटे. पहिल्यांदा मी हसलो तेव्हा त्याने टाक माझ्या हातात कोंबला. “येक मानूसनं देखेल कामनं नही,” तो म्हणाला. “तू देखं ना? मंग आठे सही कर.” मी केली. पुढे किती केल्या असतील, मोजल्या नाहीत.

शाळेत वीज आली त्या वर्षी नाना लहान मुलासारखा हरखला होता. त्याने खोक्याच्या फळीवर दोन होल्डर बसवले, सुती वेष्टणाच्या तारा आखून लावल्या आणि मधे एक खटका ठेवला. खटका खाली केला की दोन्ही दिव्यांची जोडणी समांतर, वर केला की एकसर. समांतर म्हणजे प्रत्येक दिव्याची वाट वेगळी; दोघांनाही विजेचा पूर्ण जोर मिळतो, आणि दोघेही आपापल्या ताकदीने उजळतात. एकसर म्हणजे एकाच वाटेवर एकामागे एक. जोर दोघांत वाटला जातो आणि दोघे मंदावतात. पंचवीस वॅटचे दोन सारखे दिवे लावून तो हे मुलांना दाखवी. खटका वर, खटका खाली... मागच्या बाकावरच्या टग्यांनासुद्धा ते समजे. पण त्याचा खरा जीव होता तो पुढच्या भागात. दिवे सारखे नसतील तर? एक पंचवीसचा आणि एक शंभराचा असेल तर? समांतर असताना शंभराचा ठळक, हे कुणीही सांगेल. एकसर केले की मात्र उलटं होतं, पंचवीसचा जवळजवळ पूर्ण उजळतो आणि शंभराचा विझल्यासारखा होतो. लहान दिव्याची तार जास्त अडवणूक करते, म्हणून त्या वाटेवर तीच जास्त तापते आणि तीच जास्त उजळते. हे त्याने मला तोंडी सांगितलं होतं, पण दाखवता येत नव्हतं, कारण शाळेत शंभराचा दिवाच नव्हता.

तो आला शेठजींकडून. शेठजी म्हणजे कापसाचे मोठे व्यापारी, त्यांचे आजोबा मारवाडातून इकडे आलेले. वडिलांच्या नावाने त्यांनी शाळेला विज्ञानाची खोली बांधून दिली, आणि वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी तिचं उद्घाटन ठरलं. आदल्या दुपारी वडिलांचा मोठा फोटो आला आणि त्याच्यापुढे लावायला शंभराचा एक दिवाही, कापसात गुंडाळलेला. फोटो मी भिंतीवर चढवला. दिवा मात्र नानाने अर्ध्या तासासाठी उसना घेतला. खिडक्यांवर सतरंज्या टांगून आम्ही अंधार केला, फळीवर एक पंचवीसचा आणि एक शेठजींचा दिवा लावला, आणि नानाने खटका वर केला. शंभराच्या दिव्यातली तार नुसती लालसर, तीही नीट बघितली तरच दिसावी अशी, आणि शेजारचा एवढासा दिवा लखलखीत. डाग नाहीसा करायला कागद त्या मोठ्या दिव्याच्या अगदी अंगाला टेकवावा लागला. नाना टाळी वाजवून हसला. मग लिहिणं, मग सह्या.

दुसऱ्या दिवशी खोली गच्च भरली होती. पुढे शेठजी, त्यांच्या शेजारी पांढऱ्या लुगड्यातल्या त्यांच्या आई, मागे कमिटी, तिच्यामागे मुलं. नानाने दोन सारखे दिवे लावून नेहमीचं दाखवलं, लोकांनी माना डोलावल्या, आणि ते तिथेच संपायचं होतं. पण चिटणिसांना शेठजींची मर्जी राखायची हौस. ते म्हणाले, आता शेठजींचा दिवा लावून दाखवा. माझी आणि नानाची नजरानजर झाली. मी खूण करायला हवी होती. नानाला असल्या गोष्टी कळत नसत, मला कळत. पण त्याचा चेहरा इतका फुलला होता की मी गप्प राहिलो. त्याने फोटोपुढचा दिवा काढून आणला, फळीवर एका पंचवीसच्या जागी बसवला आणि खटका वरच राहू दिला. शेठजींच्या वडिलांच्या नावाचा दिवा काळा पडला. शेजारचा शाळेचा फुटकळ दिवा झगझगला. नाना उत्साहाने कारण सांगू लागला, एवढ्यात मागून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, “शेठजींचा दिवा विझला.” मुलं हसली. आपल्याकडे दिवा मालवला म्हणतात, शांत झाला म्हणतात, विझला हे घरातल्या समईबद्दलही कोणी बोलत नाही. आणि इथे वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी, गेलेल्या माणसाच्या फोटोपुढे. म्हातारीने पदर डोळ्याला लावला. शेठजी उठले आणि आईला घेऊन गेले.

आठ दिवसांत नानापुढे सहीसाठी माफीचा कागद आला. त्यात लिहिलं होतं की माझ्या हातून जोडणीत चूक झाली, त्यामुळे शेठजींच्या वडिलांच्या स्मृतीचा अवमान झाला, त्याबद्दल क्षमा असावी. नानाने पहिलं वाक्य खोडलं आणि बाकीच्यावर सही केली. चिटणिसांनी कागद परत पाठवला. नाना म्हणाला, मी पुन्हा जोडून दाखवतो, तुम्ही स्वतः बघा. तर ते म्हणाले, तो दिवा दुसऱ्यांदा मालवलेला पाहायची आमची इच्छा नाही, आणि शंभराचा दिवा पंचवीसच्यापुढे फिका पडतो हे शेंबडं पोर तरी मानील का. हेडमास्तरांनी आपण संस्कृतचे आहोत असं सांगून हात झटकले. मी त्या संध्याकाळी नानाच्या घरी गेलो आणि त्याला परोपरीने समजावलं, की एक ओळ तर आहे, लिहून टाक, कोण वाचतंय. नानाची बायको, जिला आम्ही माई म्हणतो, तीही माझ्याच बाजूची होती. शांता तेव्हा पाच वर्षांची, आमच्या मधे बसून पाटीवर रेघोट्या ओढत होती. नानाने दोघांचं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “माफी मांगसू, दहा वेळा मांगसू. पन जोडनी चुकनी असं मी लिखाव नही. उद्या पोऱ्हे माले इचारतीन, तव्हय काय सांगू?”

मग कमिटीची बैठक झाली, आणि तिथे मला बोलावलं. त्याच बैठकीत माझी नोकरी कायम करायची की नाही हाही विषय होता. चिटणिसांनी तो मला जाता जाता, अगदी प्रेमाने सांगितला होता. नाना टेबलाच्या एका टोकाला बसला होता, अंगात नेहमीचा तपकिरी कोट. चिटणीस मला म्हणाले, “तुम्ही तर आदल्या दिवशी तिथेच होता. जोडणीत चूक झाली की नाही, एवढंच सांगा.” नानाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत काळजी नव्हती हो... तो निर्धास्त होता. मी आहे म्हणून निर्धास्त होता. आणि मी म्हणालो, “झाली असावी.” झाली, असं म्हणायचीसुद्धा माझी छाती झाली नाही. असावी! नानाचा हात कोटाच्या आतल्या खिशात गेला, क्षणभर तिथेच राहिला, आणि रिकामा बाहेर आला. मला वाटलं रुमाल शोधत असेल. आठवड्याने त्याने राजीनामा दिला आणि पुढच्या महिन्यात माझी नोकरी कायम झाली.

मी स्वतःची समजूत कशी घातली तेही लिहितो, म्हणजे कुणी माझी कीव करायला नको. मी स्वतःला सांगितलं, की मी हे नानासाठीच केलं. चूक झाली म्हटलं की प्रकरण मिटेल, तो रागावेल आणि मग सही करील. खोटं आहे हे. मी घाबरलो होतो. दोन-तीन वर्षांनी शेठजी स्वतः मला रस्त्यात भेटले, नानाची चौकशी केली आणि म्हणाले, “मास्तर, मला काय समजतं वीजबिजीचं? तुम्ही म्हणाले चूक झाली, मी मानलं. तुम्ही चूक नाही म्हणाले असते, तर तेही मानलं असतं. आईला समजावलं असतं.” इतकं सोपं होतं ते. मी त्यांना नमस्कार केला आणि भाजी घ्यायला गेलो.

नाना जळगावला गेला. एका जिनिंग कारखान्यात त्याला विजेच्या तारा आणि मोटारी सांभाळायचं काम मिळालं. ज्याने अर्ध्या धुळ्याला विज्ञान शिकवलं, त्याला तिथे सगळे ‘वायरमन’ म्हणत. जिनिंगमध्ये हवेत कापसाचं तूस उडत असतं, ते केसांत बसतं, छातीत बसतं. पहिल्याच हंगामात त्याला खोकला लागला आणि तो शेवटपर्यंत गेला नाही. मेहरूणच्या घरी गेलो की मी त्याला भेटत असे. आम्ही तलावाच्या काठाने चालत असू, तो थांबून थांबून खोके, आणि आम्ही पावसापाण्यापासून लढाईपर्यंत सगळं बोलत असू. ते एक सोडून. त्याने मला कधीही काही विचारलं नाही. विचारलं असतं, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर बरं झालं असतं, असं मला फार वाटे, आणि भेट संपली की सुटल्यासारखंही वाटे.

एकदाच... लढाईच्या दिवसांत बल्ब मिळेनासे झाले होते. तेव्हा दिवेलागणीला मी त्याच्या घरी गेलो, तर बाहेरच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात एकेक मिणमिणता दिवा. त्याने दोन्ही एकसर जोडले होते, कारण अर्ध्या जोरावर तार फार तापत नाही आणि दिवा वर्षानुवर्षं चालतो. माई कुरकुरत होती, की भाकरी करपली तरी दिसत नाही. नाना हसला आणि मला म्हणाला, “दोन्ही मिळीसन येकनाबी उजेड नही. पन टिकतस.” आणि लगेच, त्याच आवाजात, “तुन्ही नोकरी कशी चाली ऱ्हायनी?” त्याच्या मनात काही होतं की नव्हतं, देव जाणे. मी म्हटलं, बरी आहे. जेवायला थांबलो नाही.

कार्ड आलं तेव्हा मी तेराव्याला जायचं ठरवलं. चाळीसगावला गाडी बदलताना दोन तास बाकावर बसून होतो, तेव्हा परत फिरावं असंही मनात येऊन गेलं. पोचलो तेव्हा पानं वाढली होती. सगळे गेल्यावर माईने मला थांबवलं आणि म्हणाली, त्यांच्या ट्रंकेत शाळेचे कागद आहेत, आम्हाला काय उपयोग, तुमच्या कामाचे असतील तर न्या. शांता आता मॅट्रिकला बसली आहे, विज्ञान तिचा आवडता विषय. तिनेच ट्रंक उघडली. वर तो तपकिरी कोट होता, कसरीने खाल्लेला. त्याच्या आतल्या खिशातून तिने चार घड्यांचा एक कागद काढला आणि उलगडून उजेडाकडे धरला. मधोमध तेलाचा डाग, इतक्या वर्षांनी पिवळा झालेला. त्याच्या बाजूला नानाच्या अक्षरात, एकसर जोडणी, पंचवीसचा ठळक, शंभराचा नाममात्र. खाली ‘पाहणारे’, आणि दोन सह्या. एक त्याची, एक माझी. माझ्या सहीखाली मी फुशारकीने छोटा कुंचलासुद्धा काढला होता.

तेव्हा मला तो रिकामा बाहेर आलेला हात आठवला. रुमाल नव्हता शोधत तो. माझ्या ‘झाली असावी’नंतर त्याने हा कागद टेबलावर टाकायचा अवकाश होता. माझं पितळ तिथल्या तिथे उघडं पडलं असतं, माझी नोकरी गेली असती, आणि तो राहिला असता. त्याने कागद खिशात ठेवला आणि तूस खायला जळगावला निघून गेला. लोक याला मोठेपणा म्हणतील. मला त्याचा राग आला, आणि अजून आहे. कुणी सांगितलं होतं याला मला वाचवायला? बारा वर्षं माझ्याबरोबर तलावाकाठी चालला आणि एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर मी निदान रडलो असतो.

शांता कागदाकडे आणि मग माझ्याकडे बघत होती. “काका, ही सही तुमची ना?” तिने विचारलं. मी हो म्हणालो. “म्हणजे तुम्ही पाहिलं होतं.” मी हो म्हणालो. तिने कागद होता त्याच घड्यांवर दुमडला आणि आपल्या भूमितीच्या वहीत ठेवला. तो मला द्यायचा नाही हे तिने न बोलता ठरवलं, आणि ट्रंकेतलं बाकीचंही मी काही मागितलं नाही. निघताना स्वयंपाकघरात आणि बाहेर तेच दोन दिवे मिणमिणत होते. लढाई संपून वर्ष उलटलं, बल्ब बाजारात मिळायला लागले, तरी जोडणी तशीच आहे.

त्यानंतर आठवड्याभराने शाळेची शोकसभा झाली, ती वर सांगितलीच आहे, आणि तिथेही मी बोललो नाही. मी पुढच्या वर्षी निवृत्त होतो, तेव्हा माझ्याही नावाने दोन शब्द बोलतील. त्याआधी हे इथे लिहून ठेवतो. शेठजींचा दिवा शंभराचा होता, शाळेचा पंचवीसचा. जोडणी एकसर होती आणि बिनचूक होती. लहान दिवा ठळक उजळला आणि मोठा मंद झाला, व्हायचं होतं तसंच झालं. पाहणारे दोघे होते. त्यातला एक गेला, आणि दुसऱ्याची ही सही.